माळ्यावरचं पाच इंची इंजिन पुन्हा वाफेवर आणायचं तर

अमळनेरकडच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी घरी बांधलेलं पाच इंच गेजचं, म्हणजे पाच इंच रुंदीच्या रुळावर चालणारं, सहा चाकांचं वाफेचं छोटं टँक इंजिन वाड्याच्या माळ्यावर सापडलं. बॉयलर तांब्याचा. प्रेशर गेजवर ८० पौंडांपाशी (दर चौरस इंचाला) लाल रेघ. फायरबॉक्सच्या, म्हणजे जाळाच्या कप्प्याच्या, बाजूला हिरवे ओघळ आणि एका कोपऱ्यात राखाडी थर. गावातला एसी-फ्रिज दुरुस्त करणारा म्हणतो, "आणा, अर्ध्या तासात झाळून देतो." दिवाळीत शेतात रूळ टाकून पोरांना बसवायचं आहे, आणि जमलं तर इंजिनाला पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचं रूप द्यायचं आहे. हे घरी होईल का?

होईल, भाऊ. फक्त यंदाच्या दिवाळीचा शब्द पोरांना देऊ नका. आणि कामाचा क्रम तुमच्या मनात आहे त्याच्या उलटा धरा: रूप सगळ्यात शेवटी, बॉयलर सगळ्यात आधी. बदल करावे लागतील, पण ते आपलं पाणी, आपलं ऊन आणि आपला कोळसा मागतो म्हणून. इंग्लंडच्या हवेत आखलेलं इंजिन खान्देशात जसंच्या तसं चालत नाही.

आधी काय करायचं नाही ते सांगतो. "पेटतं का बघू" म्हणून जाळ लावायचा नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने बॉयलरमध्ये हवा भरायची नाही. ८० पौंडांवर आतलं पाणी १६० अंशांच्या वर असतं. सांधा फाटला तर त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि मोकळ्यात वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. दाबलेली हवाही तशीच घातक. कायद्याचं म्हणाल, तर २५ लिटरपेक्षा कमी मावणारं भांडं बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि तुमच्यात तीन-चार लिटर मावत असेल. म्हणजे निरीक्षक येणार नाही. तपासणीचा सगळा भार तुमच्यावर, एवढाच त्याचा अर्थ.

बॉयलर खरंच तांब्याचा आहे का, ते लोहचुंबक लावून पाहा. रंगाखाली पोलाद निघालं तर गोष्ट वेगळी. पोलाद आतून गंजतं, बाहेरून काही कळत नाही. मग एमआयडीसीत अल्ट्रासॉनिक जाडीमापक असलेल्याकडे न्या आणि शंका आली तर बॉयलर शोभेला ठेवून नवा बांधा. तांबं असेल तर पत्रा सहसा ठीक असतो, दुखणं सांध्यांत निघतं.

वरचं पत्र्याचं आवरण काढताना सावध राहा. जुन्या इंजिनांत त्याखाली ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा कापड असायचं. पांढरट-करडं तंतुमय काही दिसलं की खरवडू नका, झाडूही नका. पाण्याने चिंब करा, ओलं असतानाच पिशवीत भरा, तोंडाला चांगला मास्क लावा. नवं आवरण करताना सिरॅमिक फायबर किंवा लोकरीचा नमदा चालतो.

आता आतला क्षार. ठिबकच्या ड्रिपरमध्ये जो पांढरा थर बसतो आणि वर्षातून एकदा ॲसिड सोडून काढावा लागतो, तोच इथे नळ्यांवर बसलेला असणार. मात्र ठिबकचं ॲसिड आणून ओतू नका. किराणा दुकानातलं लिंबूफूल आणा, कोमट पाण्यात शेकडा पाचच्या प्रमाणात विरघळवा, बॉयलर भरून झाकण उघडं ठेवा. वायू सुटतो, त्याला वाट हवी. फेस थांबला की ओता, पुन्हा भरा, शेवटी भरपूर पाण्याने धुवा. हे आधी करायचं, कारण क्षारामुळे कित्येक गळत्या दबलेल्या असतात. क्षार निघाल्यावर गळती वाढली तर घाबरू नका. खरी अवस्था आता दिसायला लागली.

मग पाण्याच्या दाबाची चाचणी. पाइपलाइन तपासायला प्लंबर जो हातपंप वापरतात तो भाड्याने मिळतो. त्याच्यावरचा गेज फार मोठ्या आकड्यांचा असतो, म्हणून ० ते २०० पौंडांचा वेगळा गेज जोडा, आणि तोही तपासून आणलेला असू द्या. इंजिनावरच्या जुन्या गेजवर विसंबू नका, त्याचा काटा वर्षानुवर्षं माळ्यावर नुसता पडून होता. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बाकी फिटिंग काढून भोकांना बूच मारा. बॉयलर काठोकाठ भरा, हलवून हलवून हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर काढा. नव्या बॉयलरची चाचणी चालवण्याच्या दाबाच्या दुपटीने करतात, जुन्याची दीडपटीने. तुमच्यासाठी १२० पौंड. दहा-दहा पौंडांनी चढा, प्रत्येक टप्प्यावर थांबा, बॅटरी घेऊन फायरबॉक्समध्ये बघा. फायरबॉक्सच्या छताला आणि बाजूंना चाचणीआधी मोजपट्टी लावून ठेवा. दाब काढल्यावर पत्रा जागेवर परत आला नाही, म्हणजे फुगवटा राहिला, तर विषय संपला. पत्र्यांना धरून ठेवणारे आतले स्टे तुटलेत.

ही चाचणी सकाळी सावलीत करायची. काठोकाठ भरून बंद केलेल्या भांड्यावर एप्रिलचं ऊन पडलं की पंपाला हात न लावता काटा चढतो. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

१२० वर अर्धा तास काटा स्थिर राहिला आणि कुठे थेंब नाही, तर तुम्ही नशीबवान. हिरव्या ओघळांवरून मला तसं वाटत नाही. बहुधा स्टेच्या डोक्यांपाशी किंवा फायरबॉक्सच्या तळाच्या कडेला असते त्या फाउंडेशन रिंगला पाझर निघेल.

आता तुमच्या एसीवाल्या मित्राविषयी. माणसाचा हात चांगला असेल, त्याची कांडी चुकीची आहे. फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या ज्या कांडीने जोडतात ती तांबं-फॉस्फरसची. फ्लक्स लागत नाही, पाण्यासारखी पळते, स्वस्तही पडते. पण कोळशाच्या धुरात गंधक असतो आणि तो फॉस्फरसवाला सांधा हळूहळू खातो. सांधा वरून छान दिसतो, आतून ठिसूळ झालेला असतो. कोळशाच्या फायरबॉक्सला ती कांडी नाहीच. लागते ती चांदीची, ४५ किंवा ५५ टक्केवाली. चांदीचा भाव ऐकून पोटात गोळा येईल, पण दुरुस्तीला लागते थोडी. ५५ टक्केवाली साधारण ६३० ते ६६० अंशांत वितळते, म्हणून दुरुस्तीला तीच बरी. घेताना "कॅडमियम नाही ना?" हे विचारून घ्या. जळगावच्या सराफ बाजारात केडीएमच्या (कॅडमियमने झाळलेल्या) दागिन्यांचं काय झालं ते ठाऊक असलेल्याला जास्त सांगायला नको. तोच कॅडमियम, त्याचा धूर फुप्फुसं कायमची बिघडवतो.

तो राखाडी थर मला जास्त खटकतो. कुणीतरी कधीतरी गळती बुजवायला साधं शिशाचं सोल्डर ओतलेलं दिसतं. शिसं शिल्लक असताना त्यावर चांदीची कांडी चालवली तर सांधा धरत नाही, आणि त्या तापमानाला शिसं तांब्यालाही खातं. म्हणून आधी हलक्या आचेवर सोल्डर वितळवून पुसा, मग कानशीने आणि खरवडणीने उघडं गुलाबी तांबं दिसेपर्यंत साफ करा. कंटाळवाणं काम आहे. याला जवळचा रस्ता नाही. इपॉक्सी पुट्टी सुचवणारेही भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

सगळ्यात मोठी अडचण उष्णतेची. तांबं उष्णता इतकी पळवतं की एका टॉर्चने हा बॉयलर लाल होतच नाही. भोवती भट्टीच्या हलक्या विटा रचायच्या, एकाने मोठ्या बर्नरने सगळा बॉयलर तापवत ठेवायचा, दुसऱ्याने सांध्यावर टॉर्च आणि कांडी धरायची. कांडी ज्वाळेत वितळवायची नाही, तापलेल्या तांब्याने ती ओढून घ्यायला हवी. फायरबॉक्सच्या आतला सांधा मात्र पहिल्यांदाच टॉर्च धरणाऱ्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरचे बुश (फिटिंग बसवायचे आट्यांचे गोल तुकडे) आणि रिंग तुम्ही करा, आतलं काम तांब्याची भांडी किंवा चांदीच्या कांडीचं जड काम रोज करणाऱ्याकडून, स्वतः शेजारी उभं राहून करून घ्या. त्यानंतर पुन्हा पाण्याची चाचणी.

बॉयलरला जोडलेले बुश पितळेचे निघाले तर बदलून गनमेटलचे (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचे) लावा. गरम पाण्यात पितळातलं जस्त झिरपून जातं आणि उरतो तो भुसभुशीत तांबडा सांगाडा, आटे नुसत्या हाताने निघून येतील असा. आट्यांवरून आणखी एक. काकांनी इंग्रजी आराखड्यावरून बांधलं असेल तर स्क्रू बीए (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे असतील. ० बीएचा स्क्रू आणि आपला एम-६ दोन्ही ६ मि.मी. व्यासाचे, दोन्हींचा पिच १ मि.मी. हाताने दोन-तीन फेरे मजेत जातात, पण आट्यांचा कोन एकाचा साडेसत्तेचाळीस अंश आणि दुसऱ्याचा साठ. पान्याने रेटलं की दोन्ही बिघडतात. जुने स्क्रू जपून ठेवा, टॅप-डाय मागवा. ते अजून मिळतात.

बॉयलर झाला की पाणी आत घालण्याची व्यवस्था. इथे पहिला खरा बदल. या इंजिनाला बहुधा एक इंजेक्टर (वाफेच्या झोताने पाणी बॉयलरमध्ये ढकलणारं साधन) आणि एक हातपंप असेल. इंजेक्टर चालतो तो वाफ गार पाण्यात एकदम विरते या तत्त्वावर. पाणीच चाळीसच्या आसपास गरम असेल तर छोटा इंजेक्टर रुसतो, नुसताच थुंकत बसतो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ होतं, आणि टँक इंजिनात पाण्याच्या टाक्या बॉयलरला चिकटलेल्या. विलायतेत बसून आखणाऱ्याला हे कुठून सुचणार! म्हणून आसावर चालणारा पंप बसवून घ्या. आसावर एक विकेंद्री चकती, एक प्लंजर, दोन बॉल व्हॉल्व्ह, आणि पाणी नको असेल तेव्हा टाकीत परत सोडणारी बायपासची तोटी. इंजिन चालतं तोवर पाणी जात राहतं, उन्हाशी देणंघेणं नाही. हातपंप ठेवायचाच, कारण पाणी घालण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असल्याशिवाय जाळ पेटवायचा नाही हा या छंदातला जुना नियम आहे. इंजेक्टर हवाच असेल तर मागच्या ट्रॉलीवर वेगळी टाकी, तिला ओलं गोणपाट.

पाणी बोअरचं नकोच. आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार तुम्ही घरच्या गिझरमध्ये पाहिलाच असेल. पावसाचं साठवलेलं सगळ्यात उत्तम, नाहीतर घरच्या आरओचं. दिवसभर चालवलं की शेवटी दाब उतरल्यावर, बॉयलर कोमट असताना सगळं पाणी सोडून द्या.

दुसरा बदल कोळशाचा. ही इंजिनं ज्या वेल्श कोळशावर चालायची त्यात राख फार कमी. आपल्या विदर्भाच्या कोळशात राख तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा जास्तही. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या मोठ्या भट्ट्या तसल्या कोळशासाठीच बांधलेल्या असतात, तळहाताएवढ्या फायरबॉक्सचं तसं नाही. थोड्याच वेळात जाळीवर खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतं, हवा कोंडते, दाब बसतो. उपाय दोन. जाळीच्या पट्ट्यांमधली फट थोडी वाढवायची आणि जाळी खालून पटकन काढता येईल अशी करायची. आणि बाभळीचा लाकडी कोळसा अर्धा मिसळायचा. तुकडे सुपारीएवढे, चाळून, भुकटी बाजूला काढून. लाकडी कोळसा लवकर पेटतो, राखही कमी, पण ठिणग्या फार उडवतो. होळीच्या सुमाराला शेतात वाळलेली पऱ्हाटी आणि मक्याचा कडबा पडलेला असतो, म्हणून स्मोकबॉक्समध्ये (धुराड्याखालच्या कप्प्यात) स्टीलची बारीक जाळी बसवल्याशिवाय शेतात इंजिन न्यायचं नाही. शिवाय पाण्याच्या दोन बादल्या जवळ. गॅसवर करता येतं, पुष्कळ जण करतात, पण बर्नर या फायरबॉक्सच्या मापाचा बसवणं हे वेगळं शास्त्र आहे. आणि १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरला त्यासाठी हात लावू नका.

सांगाडा आणि यंत्रणेचं काम बॉयलरच्या मानाने आनंदाचं आहे. खोलण्याआधी फोटो काढा. कनेक्टिंग रॉडवर डाव्या-उजव्याच्या पंचाच्या खुणा असतील, त्या मोडू नका. पिस्टन अडकला असेल तर चाकाला तरफ लावून जोर करू नका, सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल घालून चार दिवस सोडून द्या. जुनं घट्ट झालेलं तेल डिझेलने निघतं. स्लाइड व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी सरकती झडप) गळत असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासा, तळ सपाट होतो. पिस्टनला जुनं ग्रॅफाइटचं सूत असेल तर नवं सूतच भरा. रबरी रिंग हवी तर व्हिटॉनची, साधी रबराची वाफेत टिकत नाही.

आता कॉम्प्रेसर वापरायला हरकत नाही, पण हवा बॉयलरमध्ये न भरता थेट सिलिंडरकडे सोडायची. इंजिन मोकळं असेल तर दहा-पंधरा पौंडांवर फिरतं. कान लावा. दोन सिलिंडरच्या इंजिनाने चाकाच्या एका फेऱ्यात चार सारखे हुंकार दिले पाहिजेत. एक लंगडा आला तर व्हॉल्व्हची मांडणी सरकलेली आहे. इथे भुसावळच्या शेडमधले जुने फिटर कामाला येतात. त्यांनी डब्ल्यूजी, डब्ल्यूपी या ब्रॉडगेजच्या वाफेच्या इंजिनांचे व्हॉल्व्ह बसवलेले, त्यांचा कान चुकत नाही. पण एका गोष्टीत त्यांचं ऐकू नका. ही मंडळी २१० पौंडांच्या इंजिनांवर वाढलेली, तुमचे ८० बघून "जरा चढवा की भो" म्हणतील. लाल रेघ काकांनी विचार करून मारलेली आहे.

तेल स्टीम सिलिंडरचंच, ४६० ग्रेडचं. मोटारसायकलचं इंजिन ऑइल ओल्या वाफेत धुऊन जातं आणि सिलिंडर कोरडा पडतो.

पहिला जाळ लावाल त्या दिवशी सेफ्टी व्हॉल्व्हची परीक्षा घ्या. इंजिन उभं ठेवून जाळ जितका होईल तितका मोठा करा, ब्लोअर (जाळाला हवा ओढणारा वाफेचा झोत) सुरू ठेवा. व्हॉल्व्ह उघडल्यावर दाब ८८ पौंडांच्या वर जाता कामा नये, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत. गेला तर व्हॉल्व्ह लहान पडतोय, मोठा बसवा. या वेळी पोरं लांब.

आता रूप. इथे हिशेब फार गमतीचा जुळतो. पाचोरा-जामनेरची लाइन अडीच फुटी होती, म्हणजे ३० इंच. तुमचा रूळ ५ इंचांचा. बरोबर एकास सहा! उलट डब्ल्यूपीसारखं ब्रॉडगेजचं इंजिन पाच इंची रुळावर आणायचं तर प्रमाण एकास तेराच्या पुढे जातं. तुमचं इंजिन विलायती मोठ्या लाइनच्या मापाने, म्हणजे साधारण एकास अकराने बांधलेलं असणार. त्यामुळे त्यावर नॅरोगेजचं रूप चढवायचं तर केबिन, धुराडं, दिवा, बफर हे सगळं जवळजवळ दुप्पट मापाचं लागेल. खालची चाकं मात्र तीच. बसकी चाकं आणि वर मोठी केबिन हेच तर नॅरोगेजचं वळण, त्यामुळे ते शोभतंही. उंच केबिनमध्ये हात घालून तोट्या फिरवणं सोपं जातं हा वरचा फायदा. पण जामनेर गाडीची हुबेहूब प्रतिकृती होणार नाही. शेड किंवा साखर कारखान्याच्या यार्डात शोभेल असं एक अडीच फुटी इंजिन होईल, आणि मला वाटतं त्यात समाधान मानावं. अट एकच: फ्रेमला करवत लावायची नाही, नवं भोक पाडायचं नाही. नवी केबिन जुन्याच भोकांवर बोल्टने बसवा, जुनी केबिन तेल लावून गुंडाळून ठेवा. काकांचं काम पुन्हा जसंच्या तसं उभं करता आलं पाहिजे.

राहिला रूळ. शेत काळ्या मातीचं असेल तर पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेला रूळ एका वर्षात वाकडा होतो. फूटभर माती काढा, मुरूम भरून धुम्मस करा, वर बारीक खडी, मग रूळ. वळणाची त्रिज्या बारा मीटरपेक्षा कमी ठेवू नका, चढ शंभरात एकपेक्षा जास्त नको. पोरं बसतील त्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा. चाळीस-पन्नास किलोचं इंजिन चार पोरांची भरलेली ट्रॉली उतारावर थांबवू शकत नाही. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ११९ मि.मी. आहे का ते प्रत्येक आसावर मोजा, आणि रुळाचं माप सरळ भागात १२७, वळणावर एखादा मिलिमीटर सैल. मोजायला लोखंडी पट्टीचा एक साचा करून घ्या आणि दर पावसाळ्यानंतर तो पूर्ण लाइनवर फिरवा.